लंकाबाईंची बागायत

सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या अजिनाथने हातात धरून खेळायचा आपला गेम विकायला काढला, तेव्हा घरात कुणी हूं की चूं केलं नाही. चष्म्याच्या डबीहून थोडं मोठं यंत्र ते. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. कंपनीतला मित्र श्रीमंत याने त्याचं मूळचं कुलूप काढून आत नखाएवढं कार्ड घातलं होतं आणि त्या कार्डात चारशे खेळ भरून दिले होते. लग्न झाल्यापासून अजिनाथला त्यातला एकही खेळायला फुरसत मिळाली नव्हती. मग गेमची बॅटरी कायम उतरलेली का असते, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. तो पडला नाही.

“इकायच्या आधी बॅकअप घे,” श्रीमंतने बजावलं. “आतलं सगळं दुसऱ्या कार्डावर उतरवून घ्यायचं, मग यंत्र पुसून कोरं करायचं, मग द्यायचं. माझा लॅपटॉप घेऊन जा. पन चार वाजता मी न्यायला येनार. आन त्यात जागा न्हाई, तुझं काम झालं की तिथलं बी पूस.”

रविवारी सकाळी अजिनाथ लॅपटॉप मांडून बसला. कॉपी सुरू झाली. पडद्यावर आधी ‘उरलेला वेळ बारा मिनिटे’ आलं, मग ‘चार तास’, मग पुन्हा ‘नऊ मिनिटे’. त्याची बायको धनश्री चहाचा कप ठेवायला आली आणि खेळांच्या यादीकडे बघत तिथेच थांबली.

“अहो, हे शेतीचं काय आहे? अकराशे चाळीस तास खेळलाय तुम्ही!”

“मी? मी तर ते कधी खेळलो बी न्हाई. एकदा नाव टाकलं आन सोडून दिलं.”

“मग मी खेळले? मला गॅसवरचं दूध बघायला वेळ नसतो.”

दोघं एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. मोरीत भांडी घासत बसलेल्या लंकाबाईंनी वर न बघताच सांगितलं, “त्यातला कोबी काढनीला आलाय. मधीच बंद नका करू.”

लंकाबाई म्हणजे अजिनाथची आई. पाथर्डीकडची तीन एकर कोरडवाहू जमीन आणि वर्षातले सहा महिने ऊसतोड, यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. पोरगा नोकरीला लागल्यावर त्यांनी कोयता ठेवला आणि सुप्याला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. तिथे माती म्हणून होती ती तुळशीच्या डब्यात. मुलगा आणि सून कामावर गेली की हात मोकळे, आणि मोकळ्या हातांची त्यांना सवय नव्हती. एक दिवस गादी झटकताना गेम सापडला, बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर नांगरट दिसली.

“दाखव तरी आई,” कॉपी संपल्यावर अजिनाथ म्हणाला.

लंकाबाईंनी पदराला हात पुसले, गेम घेतला, आणि ज्या अंगठ्यांनी आयुष्यभर मोळ्या बांधल्या ते अंगठे बटणांवर असे फिरू लागले की अजिनाथचा चहा हातातच निवला. पडद्यावर शेत उघडलं. शेत कसलं, राज्य होतं ते! ओळीने लावलेला कोबी, मुळा, बटाटा. एकाही वाफ्यात तण नाही. बांधाबांधाने पाट फिरवलेला. गोठ्यात नऊ गाई, आणि त्या नवांनाही लंकाबाई नावानिशी हाक मारत होत्या. अजिनाथ चारशे खेळ बाळगून होता आणि एकातही तिसऱ्या पातळीच्या पुढे गेला नव्हता. आपल्या आईकडे बघताना त्याला पहिल्यांदाच थोडं भ्यायला झालं.

“हा तुकडा मोकळा कशाला ठेवलाय?” धनश्रीने विचारलं.

“पड हाय ती. जमिनीला बी इसावा लागतो.”

“आत्या, खेळातल्या जमिनीला?”

“जमीन ती जमीन.”

“आन ऊस न्हाई लावला?” अजिनाथने विचारलं.

“बेनं मिळत हुतं,” लंकाबाई म्हणाल्या. “न्हाई लावला. तोडाया कुनाला लावू?”

मग अजिनाथचं लक्ष शेताच्या दारातल्या पाटीकडे गेलं. तिच्यावर इंग्रजीत त्याचंच नाव होतं.

“तुझ्याच नावावर हाय की,” लंकाबाई म्हणाल्या. “मी नुसती कसतीय.” आणि मग, जराशाने, अगदी सहज स्वरात, “इकायचाय ना तुला? ईक. हीर आटत न्हाई हितली, तेवढीच मजा वाटत हुती.”

व्यवहार मोडावा तर राहुरीहून घेणारी माणसं एसटीत बसलीसुद्धा होती. “आई, शेत कुठं जात न्हाई,” तो घाईघाईने म्हणाला. “गेम विकला तरी तुझं शेत ह्या कार्डात ऱ्हानार. मी ते मोबाईलवर चालू करून देतो.”

“इकलं तरी आपल्याकडंच?” लंकाबाईंनी लॅपटॉपमधून काढलेलं ते नखाएवढं दुसरं कार्ड तळहातावर घेतलं आणि श्वास रोखून बघत राहिल्या. “अकरा एकर, हीर, नऊ गाई... समदं ह्याच्यात?”

“समदं.”

त्यांनी कार्ड कपाळाला लावून परत दिलं आणि हरखून स्वयंपाकाला गेल्या. अजिनाथने यंत्र पुसलं, लॅपटॉपही पुसला. इवलंसं कार्ड हरवायला नको म्हणून त्याने ते गेमच्या दोरीवाल्या कव्हरच्या आतल्या खिशात घातलं आणि वर चेन लावली. यापेक्षा सुरक्षित जागा जगात नव्हती, फक्त ते कव्हर गेमवरच चढवलेलं होतं.

तीनला गिऱ्हाईक आलं. घ्यायचा होता सृष्टीला. ती राहुरीला कृषी विद्यापीठात शिकत होती. पण व्यवहार म्हटल्यावर तिचे वडील गोरक्षनाथ बरोबर आले होते, आणि त्यांची हयात जनावरांच्या बाजारात गेली होती. त्यांनी गेम उलटासुलटा केला, दात बघावेत तसं एकेक बटण दाबलं.

“खोड काय?”

“डाव्या अंगाला जरा वढतंय,” अजिनाथ खरं बोलला.

“आपलेपनानं सांगितलं, बरं वाटलं.” गोरक्षनाथांनी खांद्यावरचा टॉवेल काढून अजिनाथच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. सृष्टीने कपाळाला हात लावला. बोटांची भाषा अजिनाथला कधीच आली नव्हती. तो दोनदा दचकला आणि तिसऱ्यांदा मान हलवून बसला. भाव काय ठरला हे त्याला पैसे हातात पडल्यावरच कळलं, आणि बरं वाटावं इतका तो बरा होता.

तेवढ्यात खालून श्रीमंतने हॉर्न वाजवला. अजिनाथ लॅपटॉप घेऊन खाली गेला, दहा मिनिटं बोलत राहिला आणि वर आला तर पाहुणे चहा पिऊन गेलेसुद्धा होते. लंकाबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या.

“गेम दिला?” त्याने धनश्रीला विचारलं.

“आत्यांनी दिला की त्यांच्या हातात. मी कप विसळत होते.”

“आन कव्हर?”

धनश्रीने टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं. यंत्र पुसलेलं, लॅपटॉप पुसलेला, आणि अकराशे चाळीस तासांची बागायत चेन लावून राहुरीला निघालेली!

“आत्यांना एक अक्षर बोलू नका,” धनश्री कुजबुजली. “पळा!”

सृष्टीचा फोन तीनदा वाजून बंद झाला. एसटीच्या खडखडाटात फोन ऐकू येतो कुणाला! अजिनाथने आईला “पेट्रोल टाकून येतो” अशी हाक दिली आणि गाडी नगरच्या रस्त्याला लावली. वाटेत त्याला आईने कपाळाला लावलेलं कार्ड दिसत होतं. खऱ्या तीन एकरांवर त्या बाईला आयुष्यात एकदाही पोटभर पाणी बघायला मिळालं नव्हतं. जे मिळालं ते आपण पुसून बसलो, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. पुढचा ट्रक दिसेना, म्हणून त्याने ते आवरले.

नगरच्या स्टँडवर बापलेक उसाचा रस पीत बसले होते.

“का वो पाव्हनं? इसार परत का काय?” गोरक्षनाथांनी विचारलं.

“न्हाई, ते... कव्हर! कव्हरात माझी एक वस्तू ऱ्हायलीय.”

“कव्हर कुठंय?” सृष्टीने पिशवीतून गेम काढला. तो वडिलांच्या टॉवेलात गुंडाळलेला होता आणि गेमच्या कडेच्या भोकातून नवीकोरी सुती दोरी ओवलेली होती. दोरीला एक घुंगरूही होतं.

“दावं आमी आमचं आनलंय,” गोरक्षनाथ म्हणाले. “इकल्या जनावराबरूबर दावं कुनी देतं का? घरची बरकत जाती. तुमच्या आईला सांगावं बी लागलं न्हाई. त्यांनी हातात द्यायच्या आधीच दोरीसकट खोळ काढून घेतली. जुनं मानूस हाय, रीत ठाऊक हाय.”

अजिनाथने भर स्टँडवर त्यांचे पाय धरले. गोरक्षनाथांना ही रीत ठाऊक नव्हती, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

तो घरी आला तेव्हा लंकाबाई दिवा लावत होत्या. दाराजवळच्या खिळ्याला कव्हर टांगलं होतं, त्याला हळदीचं बोट लावलेलं. अजिनाथने चेन उघडली. कार्ड जागेवर होतं.

“पेट्रोल नगरहून आनलंस व्हय?” लंकाबाईंनी विचारलं.

मोबाईलवर शेत उघडायला दोन दिवस लागले, कारण मधे अजिनाथ कार्ड घेऊन पुन्हा श्रीमंतकडे गेला होता. कुलूप काढणाऱ्याला आणखी थोडी खटपट काय जड! मंगळवारी लंकाबाईंच्या हातात मोबाईल आला. विहीर भरलेली, नऊच्या नऊ गाई दावणीला. मग त्यांची नजर दारातल्या पाटीवर थांबली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण इतक्या तासांत जुन्या अक्षरांचं वळण पाठ झालं होतं.

“पाटी बदलली की रं.”

“व्हय. लंकाबाई लिहिलंय. सात-बारा तुझ्या नावावर केला.”

लंकाबाई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. खऱ्या जमिनीला त्यांचं नाव कधी लागलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तलाठ्याला काय द्यावं लागलं?”

“काय न्हाई.”

विकलेलं शेत घरात राहतं, अकरा एकर नखावर मावतात, हे सगळं लंकाबाईंनी आता मान्य केलं आहे. त्या शेवटच्या उत्तरावर मात्र त्यांचा अजूनही विश्वास नाही.