हुरडा कधी भाजायचा

राजानंद सरांचा सकाळी दहाला फोन आला, "निघालो," आणि हसनाबादच्या शेतात गिरिजाबाईंनी लगेच आगटीत कणसं घातली.

"अगं, गाडी तर दिसू दे," राखणीच्या माळ्यावर बसलेले तातेराव म्हणाले.

"हुरडा गरमच पायजे. गाडी दिसल्यावर काय गोवऱ्या पेटवू?"

"तवाच पेटव."

त्यांच्या लेकीची, आकांक्षाची, पीएचडी नेमकी या भांडणावर अडली होती. शहराच्या वाहतुकीची नक्कल बऱ्याच संगणकांवर वाटून चालवून बघायची, हा तिचा विषय. शेजारच्या संगणकाच्या निरोपाची वाट बघावी तर सगळे रिकामे बसतात. अंदाजाने पुढे जावं आणि निरोप वेगळाच आला, तर केलेलं पुसून मागे यावं लागतं. थांबायचं किती, पुढे जायचं किती, हे ठरल्याशिवाय तिचे मार्गदर्शक राजानंद सर प्रबंधावर सही करणार नव्हते, आणि पुढच्या आठवड्यात सर निवृत्त होत होते.

दहाच्या फोनवेळी सर अजून घरातच चपला शोधत होते, हे मागाहून कळलं. पहिला हुरडा गार झाला, तो शेजारी कापूस वेचणाऱ्या बायकांनी खाल्ला. अकराला "भोकरदन आलंच" असा फोन आला, दुसरा घाणा पडला आणि गाडी पंक्चर झाली. बायका आता कापूस सोडून बांधावरच बसल्या.

तातेरावांनी उतरून आगटीवर घागर ओतली. कोवळ्या कणसांच्या दोनच ओळी उरल्या होत्या.

"माय, आगटी परत पेटव," आकांक्षा म्हणाली. "बाबा, तुमी वरी बसा. गाडी दिसंस्तोवर कनीस तोडायचं न्हाई. इस्तव वाया गेला तर चार गोवऱ्या जातेत. भाजलेलं कनीस परत धाटाला लागत न्हाई."

बोलता बोलता ती थांबली. दोन वर्षं शोधलेलं उत्तर तिच्याच तोंडून आलं होतं: जे पुसायला स्वस्त ते अंदाजाने करून ठेवायचं, जे पुसायला महाग ते निरोप आल्यावरच.

सर आले, पाच मिनिटांत गरम हुरडा हातावर पडला. आकांक्षाने उत्तर सांगितलं. सरांनी राखेच्या बोटांनी सही केली.

"हे सुचलं कुठून?"

तिने आईबापांकडे बोट दाखवलं. या दोघांचे उपकार कुठल्या पानावर मावणार, असं तिला वाटलं.

"आता नावाची पाटी करायला टाका," गिरिजाबाई म्हणाल्या.

तातेराव कोठ्यात गेले आणि पोत्यात गुंडाळलेली पाटी घेऊन आले. 'डॉ. आकांक्षा'. रंग थोडा उडाला होता.

"कवा केली?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"तिनं पीएचडीला नाव घातलं त्या साली."

"अन् गाडी दिसायच्या आधी काय करायचं न्हाई म्हनता?"

तातेराव पाटीवरची धूळ पुसत राहिले. "ही गाडी मला पैल्या दिवसापासून दिसून राह्यली."