उणे अठ्ठेचाळीस घनमीटर

इंजिनिअरिंग गणित-दोन या विषयात शंकासुराला एकोणचाळीस गुण पडले. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात. हा त्याचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न होता. नियमावलीप्रमाणे चार वेळा नापास होणाऱ्याचं नाव पटावरून कमी होतं, आणि त्याने वसतिगृहाची गादी, खोलीची किल्ली आणि इंजिनिअर होण्याची इच्छा पंधरा दिवसांच्या आत कार्यालयात जमा करायची असते.

शंकासुर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. पहिल्या वर्षी, पहिल्याच तासाला त्याने हात वर करून "सर, पण हे असं का?" असं विचारलं होतं. सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला आणि सरांनी पाणी मागवलं. तेव्हा पडलेलं नाव पुढे हजेरीपटापर्यंत पोहोचलं.

वास्तविक गणित-दोन हा विषय अवघड नव्हता. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून आपल्या बावीस वर्षांपूर्वीच्या वहीतून उतरवत. मुलं सरांच्या पाठीकडे तोंड करून फळ्यावरून उतरवत. मुलांच्या वहीतलं परीक्षेत उत्तरपत्रिकेवर उतरे आणि उत्तरपत्रिका पुन्हा सरांसमोर येई. या सगळ्या प्रवासात ज्ञानाला कुठेही डोक्याचा स्पर्श होत नसे, त्यामुळे ते अगदी स्वच्छ राहत असे. सरांच्या वहीत सदतिसाव्या पानावर कधीकाळी कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. त्या कपाचं वर्तुळ सर दरवर्षी फळ्यावर काढत, मुलं ते कंपासने वहीत काढत, आणि परीक्षेत त्याला अर्धा गुण होता.

त्याच पानावर टाकीचं गणित होतं. वक्र भिंतींच्या टाकीचं घनफळ काढा, गुण आठ. इंटिग्रेशन तळापासून काठापर्यंत करायचं. पण बावीस वर्षांपूर्वी वहीत उतरवताना खालचं लिमिट वर आणि वरचं खाली गेलं होतं, म्हणून उत्तर यायचं उणे अठ्ठेचाळीस घनमीटर. ते दरवर्षी तेवढंच यायचं. विषयाला स्थैर्य होतं.

शंकासुराचे वडील प्लंबर होते. लहानपणापासून त्याने शेकडो टाक्या पाहिल्या होत्या. गळक्या होत्या, शेवाळलेल्या होत्या, एकीत मेलेलं कबूतर होतं. उणे एकही नव्हती.

"अरे, लिही ना उणे," खोलीतला जोडीदार म्हणाला. त्याला सगळे 'कार्बन' म्हणत, कारण त्याच्या हातून काना-मात्रा कधी हलत नसे. "एक आडवी रेघ मारायला तुझ्या बापाचं काय जातं?"

"बापाचंच जातं. ते टाक्या बसवतात."

"मग त्यांना बसवू दे. तू पास हो."

चौथ्या वेळी शंकासुराने मनाशी पक्कं ठरवलं होतं. चहाचं वर्तुळही काढलं होतं. पण पेन उणे चिन्हापाशी आलं आणि हात आपोआप थांबला. चांगला हात होता, फक्त त्याला वाईट सवय लागली होती. उत्तर लिहिलं गेलं अठ्ठेचाळीस, आणि आठापैकी शून्य मिळाले.

उत्तरपत्रिका घेऊन तो गणिताच्या सरांकडे गेला. सर स्टाफरूममध्ये वहीला नवं कव्हर घालत होते.

"सर, टाकीचं घनफळ उणे कसं असेल?"

"अभ्यासक्रमात कुठे लिहिलंय की नसेल?"

"सर, पण टाकी म्हटल्यावर..."

"हे बघ बाळ," सर मायेने म्हणाले, "तू टाकीचा विचार करतोस. इथेच तुझं चुकतं. प्रश्न टाकीचा नाहीये. आठ गुणांचा आहे."

"पण माझं उत्तर बरोबर आहे ना, सर?"

सरांनी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "बरोबर आहे म्हणून तर पंचाईत आहे. चुकलं असतं तर स्टेपचे दोन-तीन गुण टाकता आले असते."

शंकासुराने फेरतपासणीचा अर्ज केला. अर्जावर 'उत्तर बरोबर असल्यामुळे' असं कारण त्याने लिहिलं होतं. हे कारण छापील यादीत नसल्याने खिडकी क्रमांक तीनने ते 'इतर' या रकान्यात टाकलं, आणि 'इतर' हा रकाना थेट परीक्षा नियंत्रकांकडे जात असल्याने आठवड्याभरात त्याला आकलन चौकशी समितीपुढे हजर राहण्याचं पत्र आलं. आरोप एकच होता: वर्गात न शिकवलेल्या मार्गाने उत्तरापर्यंत पोहोचणे.

परीक्षा नियंत्रक हे मृदू स्वभावाचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या डावीकडे गणिताचे सर होते आणि उजवीकडे बांधकाम विभागाचे मुख्य अभियंता.

"कुठून उतरवलंस?" नियंत्रकांनी विचारलं.

"कुठूनच नाही, सर. सोडवलं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घाबरू नकोस," नियंत्रक म्हणाले. "कॉपी केली असशील तर आपल्याकडे तरतूद आहे. समज देऊन सोडतो. पण सोडवलं असशील तर कलमच नाही. कुणाचं तरी नाव सांग आणि मोकळा हो."

"सर, खरंच माझं मीच..."

"शेजारी कोण बसलं होतं?"

"कार्बन. पण त्याने उणे लिहिलंय."

"मग तो निर्दोष आहे," असं म्हणून नियंत्रकांनी नोंद केली. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "समजा, आम्ही मान्य केलं की तुझं उत्तर बरोबर. मग बावीस वर्षांत ज्यांना या गणितात आठ गुण मिळाले त्यांचं काय करायचं? सगळ्यांना परत बोलवायचं? पूल अर्ध्यावर सोडून येतील बिचारे."

मुख्य अभियंता खोकले. ते याच विद्यापीठाचे, चौदाव्या तुकडीचे. "आणि वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी आम्ही याच गणितावरून बांधलेली आहे," ते म्हणाले. "आकृती, मापं, सगळं वहीप्रमाणे. विभागाला येत असलेली ही एकच टाकी."

"मग तिचं घनफळ नोंदवहीत किती लावलंय?" नियंत्रकांनी विचारलं.

"अधिक अठ्ठेचाळीस. म्हणजे, बघून तसं वाटलं होतं."

"बघून?" नियंत्रकांचा चेहरा उतरला. "विद्यापीठात एका टाकीला दोन उत्तरं कशी चालतील?"

समितीने त्याच बैठकीत ठराव केला की टाकीचं घनफळ उणे अठ्ठेचाळीस घनमीटर असून पूर्वीची नोंद ही नजरचूक समजावी. नोंदवही दुरुस्त झाली. मग वसतिगृह कार्यालयाने रास्त शंका काढली की अशा टाकीत पाणी सोडायचं कसं. त्यावर तीन दिवस विचारविनिमय चालला, तोवर टाकीतलं होतं तेवढं पाणी संपलं, आणि सूचनाफलकावर पुढील सूचना लागली:

'टाकीचे घनफळ उणे अठ्ठेचाळीस हजार लिटर असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी वसतिगृहातील सहाशे विद्यार्थ्यांनी प्रत्येकी वीस लिटरच्या तीन बादल्या, म्हणजे साठ लिटर, याप्रमाणे एकूण अठ्ठेचाळीस हजार लिटर पाणी विहिरीवरून आणून टाकीत ओतावे, जेणेकरून टाकी नियमानुसार रिकामी होईल. टाकी रिकामी झाल्यानंतर ती भरण्याबाबत स्वतंत्र विचार करण्यात येईल.'

सूचना तांत्रिक स्वरूपाची असल्याने तिच्याखाली 'तपासले, बरोबर आहे' अशी कुणाची तरी सही लागत होती. गणिताच्या सरांनी आपल्या वहीत असं गणित नसल्याचं कळवलं. मुख्य अभियंत्यांनी हा विषय पाण्याचा असून बांधकामाचा नसल्याचं कळवलं. तेव्हा नियंत्रकांनी शंकासुराला बोलावून घेतलं.

"तुला तपासायची आवड आहे ना? मग हे तपास आणि सही कर. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून. त्याबद्दल सहकार्याचा एक गुण देण्याचा मला अधिकार आहे."

"एक गुण?"

"एकोणचाळीस अधिक एक. हे अधिकच आहे, काळजी करू नकोस."

शंकासुराच्या डोळ्यांपुढून गादी गेली, किल्ली गेली. घरी फोन केल्यावर आई पहिल्यांदा काय विचारते तेही गेलं. त्याने कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखी नजर फिरवली. गंमत अशी की या वेळी हात कुठेच थांबला नाही. सही झोकदार आली.

"बघ, जमलं की नाही!" नियंत्रक म्हणाले. "इंजिनिअर झालास."

पुढचे चार दिवस जिन्यावरून बादल्यांची रांग चालली होती. कार्बनने तीन बादल्या ओतून पोच घेतली आणि पोचेची प्रत काढून ठेवली. शेवटच्या मुलाची शेवटची बादली पडल्यावर मुख्य अभियंत्यांनी गच्चीवर जाऊन, टाकीत न डोकावता, टाकी रिकामी असल्याचा दाखला दिला. रिकाम्या टाकीचा नळ उघडण्यास नियमाने मनाई असल्यामुळे नळाला लाखेचं सील लागलं. विहिरीत आता पाणी उरलं नव्हतं. सहाशे मुलं विनाआंघोळीची वर्गात बसू लागली, आणि सर फळ्याकडे तोंड करून शिकवत असल्यामुळे त्यांना त्याचा फारसा त्रास झाला नाही.

रविवारी बाबा आले. मुलगा पास झाल्याचं कळलं होतं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. खांद्याला हत्यारांची पिशवी मात्र नेहमीचीच.

"शाब्बास रे," ते म्हणाले, आणि एक पाऊल मागे सरकले. "आंघोळ कधी केलीस?"

"आठ दिवस झाले. टाकी रिकामी आहे, बाबा."

"दाखव."

गच्चीवर बाबांनी सीलकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग बोटांच्या पेरांनी टाकीवर खालून वर टकटक करत गेले. आवाज बराच वेळ ठोस येत राहिला. काठाच्या थोडा खाली तो पोकळ झाला. तिथे त्यांनी खडूने रेघ मारली.

"ही रिकामी?"

"नोंदवहीप्रमाणे, हो."

"नोंदवहीने आंघोळ कर मग. अरे, पाणी आहे हिच्यात, पण काठोकाठ नाही. किती मावतं?"

"अठ्ठेचाळीस हजार लिटर."

"आणि ओतलं किती?"

"तेवढंच. बरोबर तेवढंच."

"छे. छत्तीस हजाराच्या वर थेंब नाही. पाऊणच भरलीय." बाबांनी खडू खिशात टाकला. "हिशेब कुणी केला?"

शंकासुर जिना उतरून सूचनाफलकापाशी आला. सहाशे मुलं, साठ लिटर. त्याने बोटांवर केलं. मग पुन्हा केलं, कारण पहिल्यांदा आलेलं उत्तर बरोबर होतं आणि त्याला आता त्याची धास्ती बसली होती. खाली त्याची झोकदार सही होती. बाबा मागून आले. त्यांनी सूचना वाचली आणि सही ओळखली. मग पिशवीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"सहाशे जणांनी वाचलंय हे, बाबा," शंकासुर हळूच म्हणाला. "एकाच्याही लक्षात नाही आलं."

ही आकडेवारी अपुरी आहे. सदर सूचना या गोष्टीच्या वाचकांनीही मघाशी, पूर्ण शुद्धीत, वाचलेली आहे. गुणाकारापाशी थांबून हरकत नोंदवल्याचा एकही अर्ज कार्यालयास प्राप्त झालेला नाही. सबब सर्व वाचकांना इंजिनिअरिंग गणित-दोन या विषयात उत्तीर्ण घोषित करण्यात येत आहे. टाकी अद्याप उणे बारा हजार लिटर असल्याने प्रमाणपत्र घ्यायला येताना प्रत्येकाने भरलेली बादली सोबत आणावी.