सावेकाकांची क्वेरी

सावेकाका माझ्या खुर्चीत बसले की तोंड उघडत नाहीत. आधी फाईल उघडतात.

मी हातमोजे चढवून, आरसा हातात धरून उभी. दिवा त्यांच्या तोंडावर. आणि काका पोटावर निळी फाईल ठेवून प्लॅस्टिकच्या कप्प्यांतून एकेक कागद काढतायत. ओळखपत्राची झेरॉक्स, तीन प्रती. पॉलिसीची झेरॉक्स, तीन प्रती. मागच्या एक्स-रेची झेरॉक्स, तीही तीन प्रती. आता एक्स-रेची झेरॉक्स काळीकुट्ट येते, त्यात काही म्हणजे काही दिसत नाही. पण ते काकांना कोण सांगणार?

"काका, आ करा."

"करतो हो मॅडम. आधी कागद, मग कळ."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाल सुजून भोपळा झालेला माणूस समोर बसला असला तरी त्याला हेच ऐकवणार.

डहाणूच्या मसोलीत दातांचा दवाखाना चालवते मी, पंधरा-सोळा वर्षं झाली. तऱ्हेवाईक माणसं काही कमी पाहिली नाहीत. पण दातांच्या विम्यावर असं प्रेम करणारा माणूस हाच एक. काका घोलवडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. आयुष्यभर चिकूच्या करंड्या बुक केल्या, त्यामुळे त्यांच्या लेखी दात हा दात नसतोच, नग असतो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय त्रास होतोय?" तर म्हणाले, "एकूण अठ्ठावीस नग. चार अक्कलदाढा वीस वर्षांपूर्वीच उतरवून घेतल्या. उरलेल्यांत चार डॅमेज. बाकी माल चांगला."

काकू गेल्याला चार वर्षं झाली. एकुलता एक मुलगा हेमंत बंगळूरला नोकरी करतो. त्याच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची नावं घालता येतात, आणि त्यात दातही बसतात. म्हणजे खर्च आपण आधी करायचा, मग डॉक्टरची बिलं, एक्स-रे आणि फॉर्म पाठवायचा, आणि तो कागद नीट असला तर विमा कंपनी भरपाई देते. नीट नसला तर शंका काढून थांबवते. त्याला म्हणायचं 'क्वेरी'. पॉलिसी मुलाच्या नावावर, त्यामुळे क्वेरीचा मेसेज जातो मुलाला.

हे सगळं मला काकांनी शिकवलं, खोटं कशाला बोलू? कॉलेजात आम्हाला दात शिकवले, विमा नाही शिकवला. मी आपली बिलावर लिहायची, 'दात भरला'. पेशंटचे कागद परत यायचे आणि पेशंट माझ्यावर खेकसायचे. काकांनी असं एक बिल पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, कुठला दात? करंडीवर स्टेशनचं नाव न घालता गाडीत टाकलीत तर ती उतरवायची कुठं?" तेव्हापासून मी दाताचा नंबर घालते, आधीचा एक्स-रे जोडते, नंतरचा जोडते, शिक्क्याखाली नोंदणी क्रमांक लिहिते.

बघता बघता काका रोज यायला लागले. दात दाखवायला नव्हे, बसायला. सकाळी अकराला बाहेरच्या बाकावर हजर. माझी असिस्टंट मंदा आधी कुरकुरली, मग तीच त्यांना चहा देऊ लागली. बाकावर जो कोणी बसेल त्याचा फॉर्म काका भरून देणार, आणि वर शिकवणी फुकट.

धाकट्या डहाणूच्या तांडेलमावशी एकदा दाढ धरून आल्या. "भाऊ, ही आज ठणकतेय, तर आजच विमा काढून टाकते ना!"

"गाडी सुटल्यावर बुकिंग होत नाही मावशी. आज काढलात तरी कंपनी काही महिने थांबा म्हणते. दुखायच्या आधी काढायचा असतो."

"दुखायच्या आधी कोण आठवण काढतं दाताची?"

"हां! म्हणून तर त्यांचा धंदा चालतो."

घोलवडच्या एक वाडीवाल्या बाई लेकीच्या लग्नासाठी तिचे दात पांढरे करून घ्यायला आल्या होत्या. काका म्हणाले, "सौंदर्य चालत नाही. मुलगी हसली काय नि रडली काय, कंपनीला सोयरसुतक नाही. तिला चावता आलं पाहिजे, बास." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच बोलले.

आणि एकदा तलासरीच्या डोंगराकडच्या गावातले एक शेतकरी आले. मुलगा कारखान्यात, त्याच्या पॉलिसीत बापाचं नाव. पुढचा दात मोडलेला, ओठ फुटलेला. काकांनी विचारलं, "कसं झालं?"

"म्हशीनं ढुसणी दिली."

"अपघात! वा, वा! फार छान!" काकांचा चेहरा उजळलाच. "किडून मोडला असता तर हजार भानगडी. अपघाताचं कलम वेगळं आहे." ते बिचारे रक्ताळलेला रुमाल धरून बघतच राहिले. पण काकांनी त्यांचा फॉर्म असा काही भरला, की म्हशीचा रंगसुद्धा सोडला नाही. तो क्लेम एका फटक्यात मंजूर झाला.

तेव्हा मला सांगा, असल्या माणसाचा स्वतःचा फॉर्म दर वेळी परत यावा?

पण यायचा. एकदा तारीख राहिली. एकदा सही भलत्याच चौकोनात. एकदा आधीचा एक्स-रे म्हणून नंतरचा लावला. बरं, चार दात एकदम करून टाकू म्हटलं, तर ऐकायचे नाहीत. "एका पावतीवर एकच नग." मग एकेक दात, एकेक फॉर्म, आणि प्रत्येक फॉर्मवर क्वेरी. मी वैतागले होते. माझा शिक्का असतो हो त्याच्यावर! "काका, जगाचे फॉर्म सोन्यासारखे भरता आणि स्वतःच्या वेळी कुठं जातं डोकं?" ते फाईल बंद करत म्हणायचे, "वय झालं, मॅडम."

मग एके दुपारी मी त्यांची खालची दाढ करत होते. इंजेक्शन देऊन अर्धा जबडा बधिर केलेला, तोंडात कापूस. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काकांनी माझा हात बाजूला सारला. माझा, डॉक्टरचा! कापूस काढून ताटलीत ठेवला आणि फोन कानाला लावला.

"बाबा, परत क्वेरी आलीये. सही कुठाय?" हेमंतचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"शई? शई वाहिली वातं वे," काका म्हणाले. ओठ एका बाजूला लोंबत होता, आणि चेहरा असा खुलला होता, की मी मशीन हातात धरून नुसती बघत राहिले. सही कुठे करायची ते हेमंतनं सांगितलं. काकांनी ते पुन्हा विचारलं. मग जेवलास का, काय जेवलास, तिकडे पाऊस आहे का, ऑफिसातला तो भांडकुदळ साहेब गेला का. मंदा दोनदा डोकावून गेली. सगळं त्या बोबड्या तोंडानं, आणि पलीकडे मुलगा हसत होता.

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी करतो तो फोन. नेमानं करतो, नाही असं नाही. पण कसे आहात, बरा आहे, तू कसा आहेस, बरा आहे. झालं. पुढे काय बोलायचं ते त्यालाही सुचत नाही नि मलाही नाही. आमच्या दोघांमध्ये बोलते ती ही क्वेरीच." आणि पुन्हा आ केला.

मी दाढ भरली. त्या दिवशीचा फॉर्म त्यांनी भरला तेव्हा तारखेची जागा कोरी दिसली. मी शिक्का मारला आणि गप्प बसले.

पण पुढच्याच महिन्यात हेमंतचा फोन मला आला. "मॅडम, बाबांचं काय चाललंय? रेल्वेत त्यांची एक पावती कधी चुकली नाही. आता प्रत्येक फॉर्म चुकतोय. विसरायला लागलेत का? कुणाला दाखवायला हवं का?" आवाज घाबरलेला होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी एक केलंय. तुमचा दवाखाना विमा कंपनीच्या यादीत घालून घेतलाय. आता तुम्ही आणि कंपनी परस्पर बघून घ्याल. बाबांना फक्त सही करायची. त्यांच्या डोक्याला ताप नको."

माझा स्वभाव तापट, त्याला काय करू? "तुझ्या बाबांचं डोकं ठणठणीत आहे," मी म्हटलं. "अर्ध्या डहाणूचे फॉर्म भरतात ते, एकही परत आलेला नाही. फक्त तुझ्याकडे जाणारेच परत येतात."

मग तो "बरं मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, जीभ जास्तच सैल सुटली. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, मी कोण सांगणारी?

आणि फरक तर काहीच पडला नाही. नवी पद्धत सुरू झाली. काका शेवटच्या दाताला आले ते हात हलवत.

"फाईल कुठंय?"

"आता काय काम तिचं? तुमचं नि त्यांचं परस्पर." बसल्या बसल्या त्यांनी आ केला. पहिल्यांदाच, न सांगता. मला ते मुळीच आवडलं नाही. मंदानं सगळे कागद पाठवले, काकांनी दाखवली तिथे सही केली. बरोबर चौकोनात. त्यानंतर ते अकराच्या बाकावरही दिसेनासे झाले. तांडेलमावशी विचारून गेल्या, "ते विमावाले भाऊ आजारी आहेत का?" मंदा मसोलीतच राहते, ती जाऊन बघून आली. म्हणाली, "ओटीवर बसलेत, मॅडम. म्हणाले, चार दिवसांनी यायचंच आहे दातावर टोपी बसवायला."

ठरल्याप्रमाणे बुधवारी ते आले. सकाळीच माझ्या कॉम्प्युटरवर कंपनीचा मेसेज आला होता: क्लेम मंजूर, कागदपत्रं पूर्ण. मी तो काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "एका फटक्यात," ते म्हणाले. "चांगलं झालं." मी टोपी बसवली, दात चावून बघायला सांगितलं. चार डॅमेज नग दुरुस्त झाले होते. आता यायचं कारण उरलं नव्हतं. ते खुर्चीतून उठायला लागले आणि फोन वाजला.

"बाबा," हेमंत म्हणाला, "अहो, ती क्वेरी आलीये."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. 'मंजूर' तिथं तसंच होतं.

"क्वेरी? कसली रे?"

पलीकडे जरा गडबड झाली. पोराला थापा मारायची सवय नसावी. "ते... दातांचे नंबर म्हणतात. नीट वाचता येत नाहीयेत. तुम्ही जरा सांगता? सगळेच सांगा. सावकाश सांगा, मी आज सुट्टी घेतलीये."

काका पुन्हा खुर्चीत टेकले. चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला.

"राहिलंच असेल काहीतरी माझं," ते म्हणाले. "कागद-पेन घे. पहिल्यापासून सांगतो."

आणि त्यांनी वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात केली, जी वीस वर्षांपूर्वीच काढलेली आहे.