तात्या मोजणीदारांचं यान

आमच्या शेजारच्या तात्यांना ‘महाड किती लांब?’ असं चुकूनही विचारू नका. ‘कुठनं? पोलादपूर स्टँडवरनं, का तुमच्या पायरीवरनं?’ असं विचारून ते पायरी बघायलाच येतील. जन्मभर कुडपणच्या माळांवर जमिनी मोजलेला माणूस! तुडीलच्या एका लग्नपत्रिकेत ‘स्टॉपपासून पाच मिनिटं’ छापलं होतं. तात्यांनी मांडवात नवरदेवाच्या बापाला गाठून विचारलं, ‘कुणाच्या पायानं?’

मी तीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं. हे मुद्दाम सांगतोय.

माझी मुग्धा पुण्यात मित्रांबरोबर अंतराळयानाचा गेम बनवते. दिवाळीला लॅपटॉप घेऊन आली. यान पृथ्वीवरून झोकात सुटायचं आणि चंद्राजवळ गेलं की हुडहुडी भरल्यासारखं थडथडायचं. दोन दिवस मी तिला गुरुत्वाकर्षण समजावलं. यान थडथडतच होतं. तेवढ्यात तात्या पेपर परत द्यायला आले.

‘हे मोजता कुठनं गो?’

‘पृथ्वीच्या मध्यापासून, तात्या.’

‘एवढ्या लांबनं? मग बारीक माप हाती कसं राहील? मोजणीचा दगड यानातच पुर. यान जागेवर, बाकीचं जग सरकव.’

मुग्धानं तसं केलं. यान शांत! पोरीनं तात्यांना मिठी मारली. मी जळलो, सरळ सांगतो. रात्री करंजीसुद्धा गोड लागेना.

पुढे रोज संध्याकाळी पुण्याहून तात्यांना फोन. भिंतीपलीकडून ‘नाय गो, तसं नाय’ ऐकू यायचं. मला मात्र रविवारी एकदा, ‘बाबा, जेवलात?’

आणि एक दिवस फोन मला आला! ‘बाबा, यान उतरताना जमिनीत घुसतंय. तात्या म्हणाले, मला नाय येत, मास्तरांना विचार.’ काय सांगू, छाती फुगली! तासभर बोललो आम्ही. यानाची उंची त्याच्या पोटापासून मोजली जात होती, पायांपासून नव्हे. म्हणून निम्मं यान मातीत.

लगेच तात्यांकडे मिरवायला गेलो. टेबलावर कागद होता. त्यावर यानाचं चित्र, पायांशी बाण, आणि कालची तारीख.

‘तात्या, तुम्हाला येत होतं!’

तात्यांनी कागद उलटा केला. ‘पोरीनं बापाला काहीतरी विचारायला हवं, मास्तर. माझा पोरगा मुंबईला हाय. विचारायचा थांबला तो थांबलाच. आता फोनवर दोघांना काय बोलावं सुचत नाय.’

मी मुग्धाला फोन लावला. म्हटलं, ‘उत्तर आधी तात्यांनी काढलंय, पुढचं त्यांनाच विचार.’

अजूनही थोडा जळत होतो. तरी फोन त्यांच्या हातात दिला.