व्हर्नाचं जपानी मरण

माणूस कसा जगतो ते त्याच्या नशिबावर असतं. तो कसा मरतो यावर मात्र समिती नेमता येते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जुन्या युरोपातल्या लढाया हौसेने खेळणाऱ्या आमच्या रानडुक्कर सरदारमंडळात दर शनिवारी सन १३७० असतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. गाड्या कुंपणाबाहेर लावून आम्ही युरोपात शिरतो. चिलखतं निळ्या प्लास्टिकच्या पिंपांची, तलवारी वेताच्या. वेत येतो इंडोनेशियातून, पण तो झाड आहे आणि झाडाला देश नसतो (ठराव क्रमांक १४). चष्मे चालतात, गुडघ्याचे पट्टे चालतात, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या तीन फिरत्या शौचालयांकडे न बघण्याचं एकमताने ठरलेलं आहे. अस्सलपणाचा इतका कडक अंमल इतरत्र क्वचितच सापडेल.

आमच्या लढाईत पंच नसतो. ज्याला घाव लागला त्यानेच 'मेलो' म्हणायचं आणि पडायचं. सगळी इभ्रत या पडण्यात. व्हर्ना टोलेफसन अकरा वर्षं इमानाने मरत होती. वय एकसष्ट, शाळेची बस चालवते, आणि तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: सरदारकीचा पांढरा पट्टा. (जपानी लोक ज्युदोत हा रंग नवशिक्याला देतात. यावरून त्यांची समज दिसते.)

यंदा तिचं नाव पुढे आलं आणि समितीचे अध्यक्ष डुएन शेलबर्ग (एरवी दंतवैद्य, शनिवारी सर गॉडफ्रे) यांनी हरकत घेतली. व्हर्ना लढते युरोपियन, पण मरते जपानी. पडताना अंग गोल करते आणि तळहात जमिनीवर फाडकन आपटते. तेराव्या वर्षी ज्युदो शिकली, तेव्हाची खोड.

मी समितीचा कारकून. सुनावणी माझ्या वहीत आहे.

"अगं, इतकी वर्षं आम्ही काही बोललो का?" डुएन म्हणाला. "पण पट्टा म्हणजे पट्टा. तेव्हाचा सरदार असा लोळत मेला नसता."

"मग कसा मेला असता?"

"धपकन."

"अरे, हात आपटला की मार जमिनीत जातो, हाडं वाचतात. त्यांना काय हाडं नव्हती?"

"होती ना. मोडायची!"

"आणि सोमवारी बस कोण चालवणार? तुझा बाप?"

"माझा बाप १३७० मध्ये कुठून येणार?" डुएन शांतपणे म्हणाला.

समितीने सखोल अभ्यास केला. इतर चौतीस सभासदांची मरणं तपासली: एकोणतीस धपकन, चार आधी कोरडं गवत शोधून, एक फोन वाजल्यामुळे अपूर्ण. कुणीतरी जुन्या जर्मन कुस्तीच्या पोथीत अगदी व्हर्नासारखा पडणारा माणूस दाखवला. पोथी अस्सल निघाली, म्हणून ती पुढच्या वर्षीच्या सभेसाठी राखून ठेवली. निर्णय झाला: जपानी युद्धकलेविषयी मंडळाला नितांत आदर आहे, सबब ती जपानात असावी. व्हर्नाने एकदा हात न आपटता मरून दाखवावं.

मला वाईट वाटलं. खाली सही माझीच आहे.

व्हर्नाने तीन आठवडे घरी गादीवर, हात कमरेला बांधून सराव केला. चाचणीच्या दिवशी सगळं मंडळ गोल करून उभं राहिलं. डुएनचा वार बरगडीवर बसला. "मेले!" व्हर्ना ओरडली आणि मागे कलली. उजवा हात वर गेला. तळवा उघडला. गर्दीतून कुणीतरी "नको गं, नको" म्हणालं. हात गवताकडे झेपावला, वीतभर अंतरावर थबकला, त्याची मूठ वळली आणि ती छातीशी परत आली. जमिनीला बोटसुद्धा लागलं नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला. डुएनचे डोळे भरून आले. इतकं अस्सल मरण मंडळात आजवर कुणी मेलं नव्हतं.

पट्टा तिला स्ट्रेचरवरच बांधला. खांद्याचं हाड दोन ठिकाणी आणि कमरेचं एका ठिकाणी मोडलं होतं, म्हणून जरा सैल बांधला. बस आता दुसरं कुणी चालवतं.

मंडळाचं चुकलं असं आपलं मत असेल, तर हरकत जरूर नोंदवावी. छापील अर्ज माझ्याकडे मिळेल. त्यात एकच प्रश्न आहे: व्हर्नाची कंबर जमिनीवर आदळली, त्या क्षणी आपण कुठे बघत होता? उत्तराच्या जागी 'हाताकडे' असं आम्हीच छापून घेतलं आहे. आपण फक्त सही करावी.