न समजणारी मुलगी सुस्थितीत सोबत आणावी

नववीतील एका मुलीला इंग्रजी समजत नाही, सबब तिला विज्ञान घरच्या भाषेत समजावून देण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांकडे तीन प्रतींत सादर केला. मुलगी याच सत्रात शाळेत आली होती. फळ्यावरची इंग्रजी अक्षरे ती चित्र काढावे तशी निगुतीने उतरवून घेई. सहामाही परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती, आणि विज्ञानात नापास होणाऱ्याला एक इयत्ता खाली बसवायचे, असा शाळेचा नियम होता.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि अर्ज पुन्हा वाचला.

"बाई, इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आधार देण्याचं तुमचं प्रशिक्षण झालंय?"

"नाही सर. पण रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं दिली तरी..."

"म्हणजे विनाप्रशिक्षण आधार!" त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "उद्या त्या आधारानं पोरगी शिकली, तर जबाबदार कोण?"

आणि त्यांनी अर्जावर 'आधी प्रशिक्षण, मग आधार' असा शेरा मारला.

आठवड्याभरात प्रशिक्षणाचे पत्र आले. माध्यमिक शिक्षकांनी वही, पेन, दोन छायाचित्रे आणि प्रात्यक्षिकासाठी इंग्रजी न समजणारा एक विद्यार्थी सुस्थितीत सोबत आणावा, असे त्यात म्हटले होते. आमच्याकडे असा विद्यार्थीच नाही, असे बाकीच्या शाळांनी छातीठोकपणे कळवले. त्यामुळे सबंध प्रशिक्षणाला मिळून एकच मुलगी आली. ती बाईंची.

तिला व्यासपीठावर खुर्ची मिळाली आणि गळ्यात 'नमुना' अशी पट्टी. प्रशिक्षक सलग दोन तास इंग्रजीत बोलले. अधूनमधून ते छडीने मुलीच्या चेहऱ्याकडे निर्देश करत. त्या चेहऱ्यावर काही समजल्याचे चिन्ह नव्हते. सभागृहातल्या चाळीस शिक्षकांनाही काही समजत नव्हते. परंतु ते अनुभवी असल्याने टिपणे घेत होते. बाईंनी तर दोन ओळी अधोरेखितही केल्या.

"काय चेहरा आहे!" प्रशिक्षक भारावून गेले. "इतकं निर्भेळ न समजणं मी वीस वर्षांत पाहिलं नाही."

मग तिला पुढच्या केंद्रावरून बोलावणे आले, मग त्याच्याही पुढच्या. 'नमुनाधारक' म्हणून बाईंना सोबत जावे लागे. इकडे नववीचा विज्ञानाचा तास मोकळा जाऊ लागला. आठव्या केंद्रावर, चहाच्या सुट्टीत, बाईंनी मुलीला जिन्याखाली गाठले आणि अंगणातून तोडलेले पान तिच्या हातावर ठेवले.

"हे बघ, झाड उन्हात स्वतःचं अन्न स्वतः बनवतं. आधी या पानातून हवा आत..."

"बाई!" मागे प्रशिक्षक उभे होते. "आम्ही तिला इतकं जपतोय आणि तुम्ही चक्क शिकवताय? अजून चार केंद्रं बाकी आहेत. तिला समजायला लागलं, तर आम्ही लोकांना दाखवायचं काय?"

"सर, पुढच्या सोमवारी तिचा पेपर आहे."

"मग तोपर्यंत जरा कळ काढा की!"

बाराव्या केंद्रावर मात्र घात झाला. एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर प्रशिक्षक अडकले, आणि नमुन्याने ते वाक्य अस्खलित इंग्रजीत पुरे केले. पाठोपाठ पुढची सात वाक्येही म्हणून टाकली. तातडीने तीन सदस्यांची चौकशी समिती बसली. मुलगी शिकली, हे नाकारता येईना. आधाराविना शिकली, हे नोंदवता येईना. अखेर मार्ग निघाला. ज्या अर्थी तिला भाषण तोंडपाठ आहे, त्या अर्थी ती विद्यार्थिनी नसून प्रशिक्षक होय.

सोमवारी विज्ञानाचा पेपर झाला. झाडे अन्न कसे तयार करतात, या प्रश्नाला तिने सुरेख इंग्रजीत उत्तर लिहिले की, सर्व संबंधित घटकांच्या सक्रिय सहभागातून झाडांना अन्ननिर्मितीसाठी सक्षम करण्यात येते. बाईंनी ते तीनदा वाचले. लाल पेन उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि शून्य दिले. मुलगी आठवीत बसली.

तिचे वडील बेकरीतून तसेच, कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी शाळेत आले. "बाई, जी पोरगी मास्तरांना शिकवते, ती नापास होतेच कशी?"

"दादा, ती शिकवते," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "तिला शिकवायचं राहून गेलं."

आठवीत अशी मुलगी आल्यामुळे आता आठवीच्या शिक्षकांनाही प्रशिक्षण सक्तीचे झाले. ते देण्यासाठी अर्थातच तिचीच नेमणूक झाली. ती दोन तास बोलली. "काही शंका?" असे तिने विचारले. एकही हात वर झाला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. ती व्यासपीठावरून उतरून, सोबत आलेल्या बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"बाई," ती कुजबुजली, "मी काय बोलले ते मला स्वतःलाच कळलं नाही. मग या सगळ्यांना कसं कळलं?"

"हळू बोल गं बाळ," बाई म्हणाल्या. त्यांचे हात टाळ्या वाजवतच होते.

वाचकहो, तुम्हीही वाजवत राहा. जो आधी थांबतो, त्याच्याकडे सगळे वळून बघतात.