हिराबाय आणि मेक्सिकोची विहीणबाई

हिराबायला शिव्या घालायच्या असल्या की ती माझ्या घरी येते. शिव्या मला नसतात, माझ्या टीव्हीला असतात. पण ऐकाव्या मलाच लागतात.

हिराबाय वसईच्या पाचूबंदरची कोळीण. एव्हरशाईन सिटीत आमच्या सोसायटीत मासे विकते. टोपली रिकामी झाली की दुपारी माझ्या हॉलमध्ये फतकल मारते आणि मेक्सिकोची एक मालिका लावायला लावते, हिंदीत डब केलेली. हवेलीतला मुलगा कपडे धुणाऱ्या बाईच्या मुलीशी लग्न करतो आणि मुलाची आई गळ्यात पावशेर मोती घालून त्या मुलीला छळते. कुणीही या मोतीवालीवर चिडेल. हिराबाय मात्र चिडते मुलीच्या आईवर! लेकीच्या लग्नात ती बिचारी नोकरांत उभी राहिली, तेव्हा हिराबाय टीव्हीवर धावूनच गेली. "बोल ना गो, पोर माजी हाय म्हून! तोंड शिवलं काय तुजं?" शेजाऱ्यांनी बेल वाजवली. माझं डोकं फिरलं. मी रिमोट लपवला, तर दुसऱ्या दिवशी मला शिळे बोंबील!

एवढ्या गळ्याची ही बाई सी विंगसमोर मात्र मुकी होते. तिची हाळी बी विंगपर्यंत, मग थेट डी विंगपाशी. विचारलं तर म्हणे, "तिथं कोन खात नाय." अख्खी सी विंग मालवणी लोकांनी भरलेली! खोटं बोलायलाही काही सुमार?

गेल्या आठवड्यात मी खाली तिच्यापाशी उभी होते. सी विंगमधून सासू-सून आल्या, बरोबर दोन शेजारणी. सुनेला मी लगेच ओळखलं. हिराबायनं लेकीचा लग्नातला फोटो मोबाईलवर मला कितीदा तरी दाखवला होता. "मोठ्या घरात दिली," म्हणायची. घर कुठलं, ते कधी सांगितलं नव्हतं.

सून खाली बघत म्हणाली, "मावशी, मांदेलीचा एक वाटा द्या."

मावशी! सख्ख्या आईला! आणि हिराबायनं पदराला हात पुसून वाटा पिशवीत घातला. "घ्या, ताई." सासू विहिणीकडे न बघता शेजारणींना सांगत होती, "हिच्या माहेरी बोटींचा बिझनेस आहे." मला असा संताप आला! मी तोंड उघडलं, तेवढ्यात हिराबायनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

त्या गेल्यावर मी तिला फाडफाड बोलले. "टीव्हीतल्या बाईला बोल, बोल म्हणून माझं घर डोक्यावर घेतेस, आणि स्वतः?"

"शिरेलमधी शेवटाला समदं गोड होते, वयनी. हितं माज्या पोरीला त्याच घरात राहायचं हाय."

"अगं, पण मावशी म्हणाली ती तुला!"

"म्हनू दे." तिनं उरलेल्या मासळीवर ओलं फडकं नीट पसरलं. "आवाज तर आयकला ना तिचा."